हातचा सांभाळणारे

संपादकांनी यंदा विषय दिला ‘राखण’. शेताची, जंगलाची, बियाण्याची, बोलीची राखण करणाऱ्यांवर बाकीचे लेखक लिहितीलच; खानदेशात आणखी काही राखलं जातंय का ते बघून या, असं त्यांचं म्हणणं होतं. मला आठवली ती हिशेबाची राखण. आकडेमोड एकदा शिकलं की झालं, तिला कोण राखत बसतं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटत होतं. मग एका दिवाळीत धुळ्याला बहिणीकडे गेलो असताना भाचा फराळाच्या ताटावरून दोनदा उठून लॅपटॉपकडे गेला. काय चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, “मामा, एक बेरीज चुकतेय.” संगणकाची बेरीज चुकते आणि ती दुरुस्त करायला देवपुरातल्या एका घरात माणूस रात्ररात्र जागतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

म्हणून यंदा ठरवून निघालो. आधी चाळीसगाव, तिथून पाटण, आणि मग धुळे.

पाटणचा दगड

चाळीसगावपासून पाटणादेवी १८ किलोमीटर. कपाशीची शेतं संपतात, वनखात्याचं नाकं लागतं आणि गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचं रान सुरू होतं. नवरात्र नुकतं सरलं होतं, देवळाकडे जाणारी वाट मोकळी होती. बहुतेक लोक इथे देवीला येतात, काही पितळखोऱ्याची लेणी बघायला. मी आलो होतो ते इथल्या शिलालेखासाठी.

हा लेख अभ्यासकांसमोर आणला भाऊ दाजी लाड यांनी, १८६५ मध्ये. पुढे कीलहॉर्नने त्याचं नीट वाचन छापलं. लेख संस्कृतात आहे आणि शेवटचा भाग जुन्या मराठीत. त्यात एका घराण्याची वंशावळ दिली आहे : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग भास्कर. हाच लीलावतीचा आणि सिद्धान्तशिरोमणीचा कर्ता भास्कराचार्य, जन्म इ. स. १११४, शिरोमणी पुरा केला तो ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये. त्याचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव. हा चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. मठाला दान दिलं ते निकुंभ वंशातल्या सोइदेवाने, १२०७ च्या श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर.

भास्कराचार्य जिथे राहत होते ते विज्जडविड नेमकं कोणतं, यावर विद्वानांचा वाद आहे. मला त्यापेक्षा लेखाची मराठी शेपटी मोलाची वाटते. मठ चालायचा कशावर, ते तिथे लिहिलं आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून जो हिस्सा राजवाड्याला जायचा, तो मठाला दिला. गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकाकडून पळी पळी तेल.

एका घाण्यामागे एक पळी. तेल्याला लीलावती येत नव्हती, यायची गरजही नव्हती. पण त्याच्या पळीभर तेलावर कुठल्या तरी पोराचा रात्रीचा दिवा जळत होता आणि त्या दिव्याखाली लीलावतीची पोथी उघडली जात होती. नातवाने आजोबांचा ग्रंथ दगडात कोरून ठेवला नाही. ग्रंथ शिकवणाऱ्याची सोय मात्र कोरून ठेवली. हे मला फार मोठं शहाणपण वाटतं.

एकसष्टचं कोडं

चाळीसगाव स्टेशनासमोर चहा घेताना मी लॅपटॉपवर भास्कराचार्यांचंच एक गणित घातलं. बीजगणितात ते विचारतात : अशी कोणती संख्या, की जिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच येईल? १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने हेच ६१ घेऊन आपल्या मित्रांना आव्हान दिलं. भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने उत्तर काढून ठेवलं होतं त्याला तेव्हा पाच शतकं झाली होती. सगळ्यात लहान उत्तर २२६१५३९८०, आणि येणारा वर्ग १७६६३१९०४९ चा.

एक्सेलच्या एका चौकटीत दुसऱ्या संख्येचा वर्ग केला, दुसरीत पहिलीचा वर्ग करून ६१ ने गुणलं, तिसरीत वजाबाकी. उत्तर यायला हवं १. आलं ० (शून्य). वर्गाचे पूर्ण अंक मागितले तर दिसलं ३११९८८२९८२८६०२६००००. खरी संख्या आहे ३११९८८२९८२८६०२६४४०१. एक्सेल पहिले १५ अंक जपतं आणि पुढे शून्यं भरतं. शाळेच्या निकालाला, दुकानाच्या हिशेबाला एवढं पुष्कळ झालं. पण ११५० साली पोथीत बरोबर असलेलं गणित आजच्या लॅपटॉपवर चुकतं, हे डोळ्यांनी बघितल्यावर चहा गार झाला.

मग तेच गणित पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत घातलं. उत्तर १.

फरक इतकाच, की पायथन संख्येला ठरावीक मापाच्या डब्यात कोंबत नाही. संगणकाच्या एका खणात मावणारी सगळ्यात मोठी संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५. लीलावतीत एकं, दहं करत स्थानांची नावं परार्धापर्यंत जातात, म्हणजे १८ स्थानं. त्या हिशेबाने एका खणात १८४ परार्ध मावतात. त्याहून मोठी संख्या आली की ती दोन, दहा, हजार खणांत मांडायची आणि आपण पाटीवर करतो तशी खणाखणाने बेरीज, गुणाकार करायचा. हे काम करणाऱ्या तयार साधनसंचाला प्रोग्रामर लोक बिगनम लायब्ररी म्हणतात.

एवढ्या मोठ्या संख्या लागतात कुणाला? आपल्या सगळ्यांना. डिजिटल सहीची २०४८ बिटांची किल्ली म्हणजे ६१७ अंकी संख्या. त्यातला एक अंक चुकला तर सही खोटी ठरते. पंधरा अंक बरोबर आणि पुढे शून्यं, हे तिथे चालत नाही. जळगावच्या सराफाला हे समजावून सांगावं लागणार नाही. ९६ गुंजांचा तोळा. एक गुंज म्हणजे तोळ्याचा शहाण्णवावा भाग, तो दशांशात लिहायला घेतला तर ०.०१०४१६६६… असा संपतच नाही. कुठेतरी तोडला की सोन्याचा कण कुणाच्या तरी पारड्यातून गेला. जुन्या सराफाने तो अपूर्णांकातच धरला, आणि या लायब्रऱ्याही तेच करतात : अंश वेगळा, छेद वेगळा, तोडमोड नाही.

एका पोथीच्या दोन प्रती

चाळीसगाव-धुळे गाडी तशी छोटी. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर, की आलं धुळं. १९०० साली सुरू झालेला हा फाटा अजूनही फाटाच आहे. भाचा स्टेशनवर घ्यायला आला होता. घरी पोहोचल्यावर मी लगेच लॅपटॉपचं काढलं, तर म्हणाला, “मामा, आधी खाई ल्या, मंग दखाडस.” कळण्याची भाकरी आणि भरीत झाल्यावर आम्ही बसलो.

तो पुण्याच्या एका कंपनीचं काम धुळ्यात बसून करतो. कंपनी कागदपत्रांवर डिजिटल सही करण्याचं आणि ती तपासण्याचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर बनवते. त्याच्या तळाशी एक बिगनम लायब्ररी आहे, आणि ती फोर्क आहे.

फोर्क म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला आपल्याकडेच चांगलं उदाहरण आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींवर प्रती होत गेल्या, पाठ बदलले, कुणी आपल्या ओव्या घुसडल्या. १५८४ मध्ये नाथांनी प्रती ताडून एक शुद्ध प्रत केली. पुढे राजवाड्यांना नाथांच्या आधीच्या वळणाची पोथी सापडली आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापली. राजवाडे १९२६ च्या अखेरीला इथे धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ भाच्याच्या घरापासून दूर नाही. मूळ ग्रंथ एक, पण त्याचे पाठ दोन, आणि प्रत्येक पाठाला राखणारा हवा. सॉफ्टवेअरचं मूळ लिखाण जिथे सगळ्यांना खुलं असतं, तिथे कुणीही पूर्ण प्रत उतरवून घेऊन आपल्या वाटेने जाऊ शकतो. त्या निघालेल्या प्रतीला फोर्क म्हणतात.

या क्षेत्रातला मूळ ग्रंथ म्हणजे जीएमपी. स्वीडनच्या टॉर्ब्यर्न ग्रानलुंडने ती १९९१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केली आणि आजही तोच ती सांभाळतो. जीसीसी हा कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारं साधन, स्वतःच बांधला जाताना जीएमपी मागतो. तिला २००८ च्या सुमारास फाटा फुटला. एक तर तिचा परवाना बदलला होता आणि तो काहींना अडचणीचा वाटत होता. दुसरं म्हणजे विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने ती बांधता यावी, यात मूळ मंडळींना रस नव्हता. विल्यम हार्ट आणि सोबतच्या गणितज्ञांनी प्रत उतरवून घेतली आणि नाव दिलं एमपीआयआर. ब्रायन ग्लॅडमनने विंडोजची बाजू वर्षानुवर्षं लावून धरली. सेज या मोठ्या गणिती सॉफ्टवेअरने मूळ सोडून हा फोर्क घेतला.

मग काय झालं, तर हार्ट दुसऱ्या कामांत गुंतले, हात कमी पडत गेले. २०१७ मध्ये एमपीआयआरची ३.० आवृत्ती आली, आणि त्यानंतर नवी आली नाही. सेज पुन्हा मूळ जीएमपीकडे गेलं. यात कुणाचा दोष नाही. दहा वर्षं पदराला खार लावून लोकांनी हे केलं, ते थकले.

पण ज्यांनी मधल्या काळात या फोर्कवर आपलं घर बांधलं त्यांचं काय? भाच्याच्या कंपनीतल्या कुणीतरी त्याची प्रत घेतली, आपल्या गरजेचे बदल आतपर्यंत केले आणि तो माणूस नोकरी सोडून गेला. परवान्याच्या अटीप्रमाणे लायब्ररीतले बदल खुले ठेवावे लागतात, तसे ते ठेवलेलेही आहेत. फोर्कचा फोर्क. त्याचा राखणदार आता माझा भाचा, एकटा.

हातच्याचा हातचा

रोजचं काम काय, असं विचारल्यावर त्याने सांगितलं ते अगदी शेतीसारखं होतं : सतत, आणि दुसऱ्याला न दिसणारं.

मूळ जीएमपीत काही दुरुस्ती झाली की आपल्या प्रतीत तोच दोष आहे का ते बघायचं. २०२१ मध्ये जीएमपीत फाईलमधून संख्या वाचणाऱ्या भागात एक दोष निघाला. ३२ बिटांच्या यंत्रावर मुद्दाम बिघडवलेली फाईल दिली तर प्रोग्राम कोसळायचा. हा भाग जुना, म्हणजे प्रती वेगळ्या झाल्या तेव्हाच सोबत गेलेला. अशी दुरुस्ती जशीच्या तशी उचलून आणता येत नाही, कारण दोन्हीकडच्या ओळी आता जुळत नाहीत. वाचायचं, समजून घ्यायचं, आपल्या पाठात बसवायचं.

सगळ्यात आतला गाभा असेंब्लीत, थेट प्रोसेसरच्या भाषेत हाताने लिहिलेला असतो. इथे विंडोज आणि लिनक्स यांची रीतच वेगळी. लिनक्समध्ये फंक्शनला पहिली संख्या ज्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या खणात, मिळते, विंडोजमध्ये ती वेगळ्याच रजिस्टरमध्ये मिळते. म्हणजे मूळ मंडळींनी नवा वेगवान गुणाकार लिहिला, की तो ओळीओळीने फिरवून घ्यायचा.

आणि गुणाकारही एक नाही. लीलावतीत १३५ गुणिले १२ हे एकच उदाहरण घेऊन भास्कराचार्य पाच-सहा रीती दाखवतात : १२ चे ८ आणि ४ असे खंड करा, किंवा ३ आणि ४ ने लागोपाठ गुणा, किंवा स्थानं वेगळी करा. उत्तर दरवेळी १६२०. लायब्ररीही तशीच रीत निवडते. लहान संख्येला शाळेतली पद्धत. त्याहून मोठीला कारात्सुबाची, जी मॉस्कोच्या २३ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने १९६० मध्ये काढली. २३ गुणिले १४ घ्या. दशकांचा गुणाकार २, एककांचा १२. आता (२+३) गुणिले (१+४) म्हणजे २५. त्यातून २ आणि १२ वजा केले की ११. उत्तर २००, ११० आणि १२, एकूण ३२२. चार गुणाकारांऐवजी तीनच लागले. हजारो खणांच्या संख्येत ही एकेक बचत साठत जाते. आणखी मोठ्या संख्येला आणखी वेगळ्या रीती. कुठल्या आकाराला कुठली रीत पकडायची, ते प्रत्येक नव्या प्रोसेसरवर पुन्हा मोजावं लागतं.

आता त्या दिवाळीतल्या बेरजेकडे येतो. त्याने वहीचं पान फाडून मला मांडून दाखवलं. एका खणाचा गुणाकार झाला, त्याचा हातचा वरच्या खणात मिळवला. इथपर्यंत ठीक. पण वरचा खण आधीच काठोकाठ भरलेला असेल, तर त्या मिळवण्यातूनही एक हातचा निघतो. ९९ मध्ये १ मिळवल्यावर होतं तेच. फिरवून लिहिताना कुणाकडून तरी हा दुसरा हातचा, हातच्याचा हातचा, घ्यायचा राहिला होता.

“मग एवढी वर्षं कळलं कसं नाही?” मी विचारलं.

“कारण खण नेमका काठोकाठ भरलेला असणं हे १८४४६७४४०७३७०९५५१६१६ वेळांतून एकदा होतं. आपोआप वाट्टेल त्या संख्या घेऊन रात्रभर चाचणी चालवली तरी ती वेळ येत नाही.”

तो दोष सापडला तो जीएमपीवाल्यांनी लिहून ठेवलेल्या एका जुन्या युक्तीमुळे. चाचणीसाठी संख्या निवडताना त्या नुसत्या यादृच्छिक घेत नाहीत. सलग एकांच्या आणि सलग शून्यांच्या लांब रांगा असलेल्या घेतात. अशा संख्येत काठोकाठ भरलेले खण मुद्दामच पेरलेले असतात. आपण शाळेत ९९९९ मध्ये १ मिळवायला लावतो तसं. ती चाचणी या फोर्कमध्ये कधीतरी बंद करून ठेवली होती, वेळ फार खाते म्हणून. भाच्याने ती पुन्हा चालू केली आणि तिसऱ्या मिनिटाला लाल ओळ आली. दुरुस्ती दोन ओळींची. शोधायला गेले नऊ दिवस.

मला नऊचा ताळा आठवला. १३५ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे शून्य धरा. १६२० चीही ९. जुळलं. पण १६२० ऐवजी १२६० लिहिलं तरी हा ताळा जुळतोच. ताळा जुळला म्हणजे गणित बरोबर असं नाही, हे आमचे गुरुजी बजावायचे. भाच्याच्या कामाचं मर्म मला तेव्हा कळलं : ताळ्याच्या फटीतून काय निसटेल, हे ओळखणारा माणूस राखायचा आहे.

पाटकरी

रात्री ओट्यावर त्याचे आजोबा, म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे, आमच्यात येऊन बसले. ते साक्री तालुक्यातले, पांझरेकाठच्या फडावर वाढलेले. फड पद्धत धुळे-नाशिक पट्ट्यात काही शतकं चालत आली आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पाळी बदलायची. पाणी सोडायला पाटकरी, वर देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. त्यांना शेतकऱ्यांनी मिळून पोसायचं. पावसाळ्याआधी पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी उतरायचं.

नातवाचं काम त्यांनी आमच्या बोलण्यातून ऐकलं होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पानी समदा लेतस, मंग गाळ एकटाच का काढस?”

भाच्यापाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशीही नाही. जून २०२३ मध्ये जीएमपीच्या स्वतःच्या सर्व्हरवर शेकडो ठिकाणांहून इतक्या मागण्या आदळल्या, की तो हल्लाच वाटला. चौकशीअंती कळलं, की व्हिडिओच्या एका लोकप्रिय साधनाच्या बांधणीची स्क्रिप्ट होती, तिचे शेकडो फोर्क होते, आणि ते सगळे आपोआप, एकाच वेळी, जीएमपीचं पूर्ण भांडार उतरवून घेत होते. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. ज्यांचे घाणे चालत होते त्यांना मठ कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं.

मला वाटतं, घोळ इथेच आहे. आपण सॉफ्टवेअर खुलं केलं, प्रती मोकळ्या केल्या, हे फार चांगलं झालं. चांगदेवाने केली ती दुसरी गोष्ट आपण केली नाही. राखणाऱ्याच्या पोटाचं कुठेच लिहून ठेवलं नाही. भाच्याला पगार मिळतो तो कंपनीच्या नव्या कामाचा. लायब्ररीचं काम तो रात्री करतो.

जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांना म्हणूनच माझी विनंती आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प देताना नवं ॲप सुचवता, तसं एखाद्याला अशा जुन्या लायब्ररीच्या चाचण्या चालवायला बसवा, एखादी तरी दुरुस्ती मूळ मंडळींपर्यंत पोहोचवायला लावा. ज्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं यावर उभी आहेत, त्यांनी आठवड्यातला एक दिवस आपल्या माणसाला उघडपणे या कामासाठी द्यावा. भाच्याला सध्या हवं आहे ते त्याहूनही थोडकं : ३२ बिटांच्या विंडोजचा एक जुना संगणक, आणि तो रात्रभर चालू ठेवून सकाळी लाल ओळ आली का ते बघणारं कुणीतरी.